अंगणवाडीचा दर्जा : पारख आणि सुधारणा

एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७५ रोजी झाला, तेव्हा देशभरात तिचे अवघे ३३ प्रकल्प होते. महाराष्ट्रातील प्रारंभीच्या प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातील धारणीचा समावेश होता. त्यानंतरच्या अर्धशतकात या योजनेचा विस्तार वाडीवस्तीपर्यंत झाला. आज देशातील अंगणवाड्यांची संख्या सुमारे १४ लाख असून महाराष्ट्रात ती १ लाख १० हजारांच्या घरात आहे. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा या एका छोट्याशा केंद्रातून दिल्या जातात.

इतकी वर्षे गावोगावी विचारला जाणारा प्रश्न 'आमच्या वस्तीत अंगणवाडी आहे काय?' असा होता. बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर आता होकारार्थी मिळते. म्हणूनच दुसरा, अधिक अवघड प्रश्न पुढे आला आहे. अंगणवाडीत दोन-तीन वर्षे आलेल्या मुलाच्या पदरात नेमके काय पडले? त्याचे वजन वाढले काय, त्याची भाषा फुलली काय, पहिलीच्या वर्गात ते निर्भयपणे बसू लागले काय? केंद्रांची संख्या मोजणे सोपे असते. दर्जाची पारख मात्र कशी करावी आणि ती केल्यानंतर पुढे काय करावे, याचा विचार अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य या सर्वांनीच करणे अगत्याचे झाले आहे.

मागांच्या गावातील बालक

हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातील कबनूरसारख्या गावात विशेष स्पष्टपणे दिसतो. हातकणंगले तालुक्यातील हे गाव इचलकरंजी शहराला लागूनच वसले आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. त्यातून वाढलेल्या वस्त्रोद्योगाने शहराची वेस ओलांडली आणि भोवतीची गावेही मागांची गावे झाली. २०११ च्या जनगणनेत कबनूरची नोंद 'जनगणना शहर' अशी झाली, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा होता. लोकवस्ती शहराची आणि व्यवस्था गावाची, अशी स्थिती राज्यातील अनेक औद्योगिक नगरांच्या परिसरात आढळते.

अशा वस्तीत बालकाचा दिवस मागाच्या पाळीने ठरतो. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या सर्रास चालतात. वडील मागावर असतात. आई कांडी भरण्याच्या, मेंडिंगच्या वा शिलाईच्या कामाला जाते. कामासाठी आलेल्या कुटुंबांत कोणी सीमेपलीकडील कर्नाटकातून, तर कोणी उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले असते. एकाच खोलीत बसलेल्या मुलांपैकी कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी कन्नड, तर कोणाच्या घरी हिंदी वा उर्दू बोलली जाते. खोली भाड्याने घेतलेले कुटुंब वर्षभरात दुसऱ्या गल्लीत वा दुसऱ्या गावी निघून गेले, की मुलाचे नाव एका नोंदवहीतून गळते आणि दुसरीत चढण्यास विलंब लागतो.

स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद कायद्यात आहे. तथापि, कारखाने अधिनियमान्वये ही जबाबदारी ३० पेक्षा अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यावर येत असे, तर प्रसूती लाभ अधिनियमातील २०१७ च्या सुधारणेनुसार ती ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर येत असे. चार-आठ मागांची शेड या दोन्ही तरतुदींच्या कक्षेत येत नाही. परिणामी मागकामगाराच्या लहान मुलासाठी अंगणवाडी हीच काय ती हक्काची जागा उरते. तिचा दर्जा चांगला की सुमार, यावर त्या मुलाचे पुष्कळ काही अवलंबून असते, कारण घरी ती उणीव भरून काढण्यास कोणाला सवड नसते.

दर्जाची मराठी परंपरा

बालशिक्षणाचा दर्जा हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. किंबहुना 'अंगणवाडी' हा शब्दच या भूमीने देशाला दिला आहे. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू परिसरातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. अनुताई वाघ याच सुमारास त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडीत वस्तीतील मुले येत नाहीत असे दिसून आल्यावर ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे आदिवासी मुलांमध्ये रुजले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. ताराबाईंना १९६२ मध्ये 'पद्मभूषण' आणि अनुताईंना १९८५ मध्ये 'पद्मश्री' हा सन्मान देण्यात आला.

या दोघींच्या कार्यातून दर्जाविषयी एक महत्त्वाचे सूत्र हाती लागते. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शंख-शिंपले, पाने, माती आणि चिंध्या यांतून साधने तयार झाली. मुलांची नखे काढणे, त्यांना आंघोळ घालणे, केस विंचरणे हीच शिक्षणाची पहिली पायरी मानण्यात आली. साधन स्वस्त असले तरी त्यामागील विचार स्वस्त नव्हता. कोणती वस्तू कोणत्या वयाच्या मुलाच्या हाती कशासाठी द्यावयाची, हे शिक्षिकेस ठाऊक होते. मुलाची गरज ओळखून केलेली कृती हाच तेथे दर्जाचा निकष होता. पैशांची चणचण आणि दर्जाचा अभाव या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, ही शिकवण आजही तितकीच मोलाची आहे.

कोल्हापूरच्या बाबतीत आणखी एक संदर्भ ध्यानात ठेवण्याजोगा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण देण्याचा निर्णय घेतला. शाळेचे दार तेव्हा सर्वांना खुले झाले. त्या दारातून आत येणारे मूल शिकण्यास तयार होऊन यावे, हे काम आता सहा वर्षांखालील शिक्षणाकडे आले आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये बदल करून सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांचे संगोपन व शिक्षण यासाठी राज्याने प्रयत्नशील राहावे, असे निदेशक तत्त्व घालून दिले आहे.

दर्जा म्हणजे नेमके काय?

केंद्र शासनाने २०१३ मध्ये राष्ट्रीय पूर्वबाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरण जाहीर केले. त्यात दर्जाच्या काही किमान अटी स्पष्टपणे सांगितल्या आहेत. दररोज तीन ते चार तासांचा कार्यक्रम. ३० मुलांच्या गटासाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली व किमान ३० चौरस मीटर मोकळी जागा. तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे आणि तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती. सुरक्षित इमारत, पिण्याचे शुद्ध पाणी, मुलांना वापरता येईल असे स्वच्छतागृह, हात धुण्याची सोय, स्वयंपाकासाठी स्वतंत्र जागा, वयास अनुरूप खेळणी आणि मातृभाषेतून शिक्षण, असे त्याचे स्वरूप आहे.

आहाराच्या बाबतीतही प्रमाण ठरलेले आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकास दररोज ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर तीव्र कुपोषित बालकास ८०० किलोकॅलरी व २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे २०१३ मध्ये ठरले होते. त्या वर्षीच्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाने हे प्रमाण बालकाचा कायदेशीर हक्क ठरविले.

या मोजमापांचा व्यवहारात अर्थ काय, हे एका हिशेबावरून कळून येईल. ३० मुलांना ३५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ३७७ चौरस फूट जागा. दर मुलास साडेबारा चौरस फुटांच्या आसपास. दाट वस्तीत दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी भाड्याची खोली मिळाली, तर ती १२० चौरस फुटांची होते. या मापाने तीत नऊ-दहा मुलेच नीट बसू शकतात. तेथे २५ मुले बसविली तर सेविका कितीही तळमळीची असली तरी मुलांना हात-पाय हलविण्यास जागा उरत नाही. मग मांडी घालून घोकंपट्टी करणे एवढा एकच उपक्रम शक्य होतो. अशा केंद्राची उणीव सेविकेच्या खात्यावर मांडणे न्यायाचे होणार नाही. ती जागेची व पर्यायाने नियोजनाची उणीव होय.

मागांच्या गावात यात आणखी एका कसोटीची भर घालावी लागते. शेजारी मागांची शेड असेल, तर खडखडाटात सेविकेचा आवाज शेवटच्या रांगेतील मुलास ऐकू जातो काय? जे मूल गोष्ट ऐकूच शकत नाही, ते नवे शब्द कोठून शिकणार? कोणत्याही छापील नमुन्यात हा रकाना नसला तरी कबनूर वा इचलकरंजीच्या परिसरात तो आवश्यक ठरतो.

भिंती आणि सहवास

दर्जाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. इमारत, पाणी, साधने, मुलांची संख्या, सेविकेचे प्रशिक्षण हा पहिला भाग. तो डोळ्यांना दिसतो, मोजता येतो आणि निधी मिळाल्यास लवकर सुधारतो. दुसरा भाग सेविका व मूल यांच्यातील रोजच्या व्यवहाराचा. मूल रडत आले तर त्याला कोण जवळ घेते? सेविका प्रश्न विचारते तेव्हा उत्तरासाठी थांबते काय? सर्व मुले एकाच वेळी एकच वाक्य म्हणतात, की दोन-चार मुलांचे गट निरनिराळ्या खेळांत रमलेले असतात? बुजरे, उशिरा बोलू लागलेले वा अपंगत्व असलेले मूल कोपऱ्यात राहते, की त्यालाही खेळात घेतले जाते?

मुलाच्या वाढीवर या दुसऱ्या भागाचा परिणाम अधिक खोलवर होतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात यप्सिलांटी येथे १९६२ मध्ये सुरू झालेला पेरी बालशाळेचा प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. गरीब कुटुंबांतील १२३ मुलांचे दोन गट करून एका गटास बालशिक्षण देण्यात आले व दोन्ही गटांची पाहणी ती मुले प्रौढ झाल्यावरही चालू ठेवण्यात आली. बालशिक्षण मिळालेला गट पुढे शिक्षणात व कमाईत सरस ठरला. मात्र या प्रयोगाचा दाखला देताना त्यातील एक बाब पुष्कळदा सुटून जाते. तेथे एका शिक्षिकेकडे पाच-सहाच मुले असत आणि शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन मातेशी बोलत असे. जे फळ मिळाले ते त्या दर्जाचे होते. बालशाळेची नुसती पाटी लावल्याने ते मिळाले असते असे नाही.

आपल्याकडेही असाच अनुभव आला आहे. आसाम, राजस्थान आणि तत्कालीन अविभाजित आंध्र प्रदेशाचा भाग यांतील हजारो मुलांच्या चार ते आठ या वयांतील प्रगतीचा मागोवा घेणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अंगणवाडीत शिक्षणाच्या उपक्रमांना मिळणारा वेळ अपुरा, तर खाजगी बालवर्गात लेखन, वाचन व अंक यांची वयापूर्वीच घोकंपट्टी, असे चित्र त्यातून पुढे आले. खेळातून शिक्षण हे दोन्हीकडे दुर्मीळच होते. पाटीवर मुळाक्षरे गिरविणारे तीन वर्षांचे मूल पाहून पालकांना समाधान वाटते, हे खरे. परंतु त्या वयात बोटांच्या स्नायूंना हवे असते माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे व चिकटविणे. ही पूर्वतयारी झालेले मूल पुढे लेखणी सहज धरते. ही गोष्ट पालकांना समजावून सांगणे हादेखील दर्जावाढीचाच भाग आहे.

पारख करण्याच्या पद्धती

सहवासासारखी गोष्ट मोजता येईल काय, अशी शंका येणे साहजिक आहे. थेल्मा हार्म्स व रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० मध्ये बालशाळेच्या वातावरणाची मापपट्टी प्रसिद्ध केली, ती याच शंकेचे उत्तर होते. प्रशिक्षित निरीक्षक सुमारे तीन तास वर्गात शांतपणे बसतो आणि जागा, निगा, भाषा, उपक्रम, परस्परव्यवहार अशा बाबींना एक ते सात या दरम्यान गुण देतो. एक म्हणजे अपुरे, तीन म्हणजे किमान, पाच म्हणजे चांगले आणि सात म्हणजे उत्कृष्ट. प्रत्येक गुणासाठी डोळ्यांना काय दिसले पाहिजे, हे आधीच लिहिलेले असते. त्यामुळे दोन निरीक्षकांचे गुण बरेचसे जुळतात. आपल्या देशात तमिळनाडूमध्ये या मापपट्टीचे तेथील परिस्थितीस अनुरूप असे रूपांतर करण्यात आले.

दुसरी पद्धत तारांकनाची. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याने १९९८ मध्ये बालसंगोपन केंद्रांना तारे देण्याची व्यवस्था सुरू केली आणि पुढे अनेक राज्यांनी ती उचलली. तारे वाढले की केंद्रास मिळणारे साहाय्यही वाढते, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य. तिसरी पद्धत आयएसओ प्रमाणपत्राची. महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत लोकवर्गणी व जिल्हा परिषदेचे साहाय्य यांतून अंगणवाड्यांनी आयएसओ ९००१ हे प्रमाणपत्र मिळविले. या निमित्ताने भिंती रंगल्या, नोंदवह्या नीट लागल्या, गाव एकत्र आले. हा लाभ लहान नव्हे. तथापि, हे प्रमाणपत्र कामकाजाच्या व्यवस्थापनाचे असते. मुलाशी होणाऱ्या संवादाची पारख त्यातून आपोआप होत नाही. २०२१ पासून वापरात आलेल्या 'पोषण ट्रॅकर' या मोबाइल प्रणालीलाही हेच लागू पडते. हजेरी, वजन, उंची व आहारवाटप यांची नोंद ती देते. गोष्ट सांगताना मुलांचे डोळे चमकले की नाही, हे तेथे जाऊन बसणाऱ्या माणसानेच पाहावे लागते.

विणकामाच्या धंद्यातील माणसास ही बाब वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मागावरून उतरलेले कापड तपासणीच्या टेबलावर येते व दोषांवर खुणा होतात. एकाच जागी दोष पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर जॉबर मागाकडे जातो. कापडावर खूण करून माग तसाच चालू ठेवला, तर पुढचे कापडही सदोषच निघणार. अंगणवाडीला 'क' श्रेणी देऊन नोंदवही बंद करणे म्हणजे कापडावर खूण करून माग तसाच सोडणे होय.

आकडा खरा हवा

पारख करताना सर्वांत मोठा धोका खोट्या नोंदींचा असतो आणि त्याची किंमत मुलांना मोजावी लागते. 'सर्च' या संस्थेच्या पुढाकाराने २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने राज्याला हे प्रखरपणे दाखवून दिले. पाहणी केलेल्या क्षेत्रांत प्रत्यक्ष झालेले बालमृत्यू शासकीय नोंदींपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे त्यातून दिसून आले. त्यानंतर शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनची स्थापना झाली. प्रत्येक बालकाचे वजन घ्यावे आणि ते जसे असेल तसे लिहावे, यावर या काळात भर देण्यात आला.

नोंद खोटी का होते, याचे कारण बहुधा साधेच असते. कुपोषित बालक आढळले की जाब सेविकेस विचारला जातो. दोनदा बोलणी खाल्ल्यावर तिसऱ्या वेळी लेखणी आपोआप दोनशे ग्रॅम पुढे सरकते. कागदावर मूल 'सर्वसाधारण' होते आणि त्याचा वाढीव आहार थांबतो. दंडाच्या धाकाने घेतलेले मूल्यांकन अशा रीतीने ज्याच्यासाठी केले त्याच बालकाच्या मुळावर येते. म्हणून कुपोषित बालक शोधून काढणाऱ्या सेविकेस शाबासकी आणि त्या बालकास तातडीने उपचार, हीच पद्धत हितावह ठरते. सर्वांचे वजन होऊ लागल्यावर प्रारंभी कुपोषितांची संख्या वाढलेली दिसते; ती कामाचा दर्जा घसरल्याची खूण मानू नये.

नोंद बिनचूक व्हावी यासाठी काही साध्या गोष्टी पाळाव्या लागतात. वजनकाटा सपाट जागी ठेवून आधी शून्यावर आणावा. मुलाच्या अंगावरील जाड कपडे व पायातील वहाणा काढाव्यात. दंडघेराची पट्टी सैल वा आवळ न लावता मोजावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते अतितीव्र कुपोषणाचे लक्षण होय आणि अशा बालकास विनाविलंब आरोग्य केंद्रात नेले पाहिजे.

पारखीनंतर मदत

दर्जा वाढविण्याचे खरे काम निरीक्षण संपल्यावर सुरू होते. या कामात मुख्यसेविका किंवा पर्यवेक्षिका ही सर्वांत मोक्याची व्यक्ती असते. तिची भेट नोंदवह्यांवर सही करण्यापुरती झाली, तर सेविका नोंदवह्या चांगल्या ठेवू लागते. तिने अर्धा तास मुलांत बसून स्वतः एखादा खेळ घेऊन दाखविला, तर सेविका तो खेळ घेऊ लागते. प्रत्येक भेटीत एकच सुधारणा ठरवावी, ती लिहून ठेवावी आणि पुढील भेटीत प्रथम तीच पाहावी, या रीतीने वर्षभरात आठ-दहा सुधारणा पक्क्या होऊ शकतात.

सेविकेच्या कामाचा भारही विचारात घ्यावयास हवा. आहार, लसीकरण, गृहभेटी, नोंदी, सर्वेक्षणे व मोबाइलवरील माहिती या साऱ्यांतून मुलांना शिकविण्यासाठी उरणारा वेळ थोडा असतो. अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदान अधिनियमाखाली येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. त्यांच्या सेवेचे महत्त्व त्यातून अधोरेखित झाले आहे. राज्यातील अंगणवाड्यांसाठी 'आकार' हा अभ्यासक्रम तयार झाला आहे आणि केंद्र शासनाने २०२४ मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी 'आधारशिला' हा आराखडा दिला आहे. हे दोन्ही खेळावर आधारलेले आहेत. त्यांचा लाभ मिळण्यासाठी सकाळचे निदान दोन तास सेविका इतर कामांतून मोकळी राहील, अशी व्यवस्था वरिष्ठांनी करून द्यावी लागेल.

प्राथमिक शिक्षकांचे साहाय्य येथे मोलाचे ठरते. पहिलीच्या शिक्षकाने वर्षातून दोनदा जरी अंगणवाडीस भेट दिली, तरी येणारी मुले त्यास आधीच परिचित होतात. बहुभाषिक वस्तीत त्याहून सोपा उपायही आहे. पाणी, भूक, लघवी, दुखते, भीती वाटते, आई कधी येईल, अशा वीस-पंचवीस शब्दांची कन्नड व हिंदी यादी सेविकेने मातांकडूनच तयार करून घ्यावी. जे मूल आपली गरज सांगू शकते ते रडत नाही. रडत नाही ते खेळते. आणि खेळता खेळता काही महिन्यांत मराठीही बोलू लागते.

ग्रामपंचायतीने काय पाहावे?

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविण्याच्या २९ विषयांत महिला व बालविकास हा विषय आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, अशी राज्यात तरतूद आहे. ही रक्कम कोठे लावावी हे ठरविण्यासाठी सदस्यांनी वर्षातून दोनदा, आगाऊ सूचना न देता पण सेविकेचा मान राखून, अंगणवाडीत तासभर बसावे आणि पुढील आठ प्रश्नांची उत्तरे लिहावीत. 'नाही' यास शून्य, 'कधी कधी' यास एक, 'बहुधा' यास दोन आणि 'नेहमी' यास तीन गुण द्यावेत.

१. पिण्याचे पाणी शुद्ध व मुलाच्या हातास येईल असे ठेवलेले असते काय?
२. स्वच्छतागृह उघडे, स्वच्छ व मुलांच्या वापरात असते काय?
३. आहार ठरलेल्या वेळी, पुरेसा व ताजा मिळतो काय?
४. प्रत्येक मुलाचे वजन दरमहा घेऊन मातेस समजावून सांगितले जाते काय?
५. खेळणी मुलांच्या हातात असतात काय, की कपाटात बंद असतात?
६. मुलांना स्वतः बोलण्याची संधी मिळते काय?
७. नव्याने आलेल्या व परभाषिक कुटुंबांतील मुलांची नावे नोंदली जातात काय?
८. कामावर जाणाऱ्या मातांना अंगणवाडीची वेळ सोयीची पडते काय?

एकूण गुण २४ होतात. तथापि, बेरजेवर समाधान मानू नये. एका केंद्रास पाण्यासाठी शून्य आणि खेळण्यांसाठी तीन गुण मिळाले, तर दुसऱ्यास नेमके उलट. बेरीज दोघांची सारखीच येईल, पण पहिल्या केंद्रातील मुले जुलाबाने आजारी पडतील. म्हणून ज्या प्रश्नास सर्वांत कमी गुण मिळाले तो ग्रामसभेपुढे ठेवावा आणि पहिला खर्च त्यावर करावा. सातव्या व आठव्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आल्यास वस्तीचे नव्याने सर्वेक्षण करून जादा अंगणवाडीची मागणी प्रकल्प कार्यालयाकडे पाठवावी. सर्वसाधारण क्षेत्रात ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असे प्रमाण आहे, हे त्या मागणीत आकड्यांसह मांडता येईल. केंद्र शासनाने २०२२ मध्ये 'मिशन शक्ती'अंतर्गत 'पाळणा' योजनेत अंगणवाडी-सह-पाळणाघराची तरतूद केली आहे. पाळीवर जाणाऱ्या मातांच्या गावांनी तिचा पाठपुरावा अवश्य करावा. मिळालेले गुण केंद्रांची चढाओढ लावण्यासाठी जाहीर न करता, त्याच केंद्राच्या मागील गुणांशी ताडून पाहावेत. गतवर्षी पाच होते, यंदा बारा झाले, हीच खरी प्रगती.

इमारत एका वर्षात उभी राहते. सेविकेचे कौशल्य आणि मातांचा विश्वास यांना त्याहून अधिक काळ लागतो. परंतु मूल थांबत नाही. आज तीन वर्षांचे असलेले बालक तीन वर्षांनी पहिलीत जाणार आणि हा काळ त्यास पुन्हा मिळणार नाही. कबनूरच्या एखाद्या गल्लीत माग अहोरात्र चालतात, तेथेच सकाळचे तीन-चार तास एका मुलाचे ऐकून घेणारे कोणी असावे, त्याच्या ताटात पुरेसे अन्न असावे आणि त्याचे खरे वजन कागदावर उतरावे, एवढी जरी खबरदारी घेतली गेली तरी दर्जा या शब्दास अर्थ येईल. ती घेण्याची जबाबदारी शासन, सेविका, शिक्षक, पंचायत व पालक या सर्वांची मिळून आहे.